मुस्तफाचे पाठभेद

व्हिडिओ गेमचा इतिहास जगभर लिहिला जातो तो बहुधा यंत्रांचा आणि कंपन्यांचा इतिहास म्हणून. जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने आपला 'फॅमिली कम्प्युटर' बाजारात आणला, १९८५ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला, १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' आला, अशा तारखांच्या खुंट्यांवर तो टांगलेला असतो. त्या इतिहासात महाराष्ट्रातील मुलांना जागा नाही. यात कुणी अन्याय केला असे म्हणता येत नाही, कारण आम्ही त्या कंपन्यांचे गिऱ्हाईक नव्हतोच. आम्ही खेळलो ते नकलांवर. मूळ कर्त्याचे नाव गाळलेल्या, कुणा अनामिकाने पदरची भर घातलेल्या, कधी शेवटच नसलेल्या प्रतींवर. आणि त्या प्रतींचे अर्थ आम्हाला कळले ते माहितीपुस्तिकेतून नव्हे, तर आमच्याहून दोन इयत्ता पुढे असलेल्या मुलांच्या तोंडून.

अशा परिस्थितीला मराठीच्या अभ्यासकाकडे शब्द तयार आहेत: प्रत, पाठभेद, प्रक्षेप, मौखिक परंपरा. हा लेख लिहिणारे आम्ही दोघे मराठी शिकवतो. हे शब्द वर्गात रोज वापरतो आणि गेली पस्तीस वर्षे व्हिडिओ गेम खेळत आलो आहोत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो, हे फार उशिरा आमच्या ध्यानात आले. आमच्यापैकी एकाचे बालपण इचलकरंजीत गेले, दुसरीचे डोंबिवलीत. पुढे जे लिहिले आहे त्यात काही ठिकाणी ही दोन गावे वेगळी बोलतात. (गेम हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, यावरही आमच्यात एकमत नाही. इचलकरंजीत 'तो गेम', डोंबिवलीत 'ती गेम'. लेखात शक्यतो 'खेळ' म्हणून आम्ही वाद टाळला आहे.)

प्रथम नावांची गोष्ट. १९९० च्या दशकात एस. टी. स्टँडच्या आसपास, चित्रपटगृहाच्या बोळात किंवा एखाद्या रिकाम्या गाळ्यात जी गेम पार्लरे उघडली, त्यांत एक खेळ हटकून असे. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ मध्ये 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' या नावाने काढला होता. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथामालिकेवर तो बेतलेला आहे. खेळणाऱ्याने चौघांपैकी एक पात्र निवडायचे: जॅक, हॅना, मेस किंवा पिवळ्या टोपीचा मुस्तफा. चित्रकथेचा नायक जॅक आहे. आमच्याकडे मात्र खेळाचे नावच 'मुस्तफा' पडले, आणि तेही केवळ महाराष्ट्रात नव्हे तर देशभर, शिवाय सीमेपलीकडे पाकिस्तानातही. कुणी ठरवले नाही, कुणी छापले नाही, तरी पडले. लोककथेत कथेला नायकाचे नाव मिळते ते असेच. मूळ शीर्षक उच्चारायला अवघड होते, आणि पडद्यावरच्या चार नावांपैकी ऐकून माहीत असलेले असे हे एकच होते. शिवाय मुस्तफा चपळ होता, त्याची धावत जाऊन मारलेली लाथ सर्वांना हवी असे.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींनंतरची ही वर्षे आहेत. मुंबईच्या उपनगरांत तेव्हा काही नावे उच्चारताना मोठ्या माणसांचे आवाज बदलत असत. त्याच वर्षांत त्याच उपनगरांतील मुले 'मुस्तफा मी, मुस्तफा मी' म्हणून एकमेकांना कोपरखळ्या मारत होती, आणि ज्याला जॅक मिळे तो हिरमुसला होई. यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, मुले ताकदीच्या बाजूने असतात एवढेच त्यातून सिद्ध होते. परंतु त्या दशकाविषयी लिहिताना हे दृश्य वगळले तर चित्र खोटे होईल असे आम्हाला वाटते.

ज्या दृश्याविषयी आम्ही बोलतो आहोत त्यात मुली नव्हत्या. पार्लरला दरवाजा नसे, पडदा असे, आणि तो पडदा ओलांडणारी मुलगी आमच्यापैकी कुणी पाहिली नाही. कुणी मनाई केलेली नव्हती, मनाईची गरजच पडत नसे. डोंबिवलीची लेखिका क्लासला जाता-येता पडद्याबाहेर उभी राही आणि धाकटा भाऊ एक रुपयाचे नाणे घेऊन आत जाई. बाहेर आल्यावर तो घरापर्यंतच्या रस्त्यात सगळा खेळ सांगे. त्याच्या सांगण्यात मुस्तफाचा एक सख्खा भाऊ होता, त्याला डायनासोरांच्या टोळीने कारखान्यात डांबून ठेवले होते, आणि शेवटच्या पातळीवर तो भाऊच राक्षस होऊन समोर येत असे. तिच्यासाठी खेळ म्हणजे हेच कथन होते. हातात दांडा कधी आलाच नाही.

पुढे, २००६ च्या सुमारास, कुणीतरी सीडीवरून दिलेला 'मेम' हा अनुकारक संगणकावर बसवून तिने मुस्तफा प्रथम स्वतः खेळला. ('मेम' हा कार्यक्रम निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने १९९७ मध्ये सुरू केला. पार्लरमधील जुन्या यंत्रांचे वर्तन तो साध्या संगणकावर हुबेहूब उभे करतो.) खेळात भाऊ नाही. डायनासोर खलनायकही नाहीत. ते शिकाऱ्यांच्या छळाने चवताळलेले प्राणी आहेत, खरे शत्रू त्यांची चोरटी शिकार करणारी माणसे आणि त्यांच्यामागचा फेसेंडेन नावाचा शास्त्रज्ञ. खुद्द कर्त्यांची कथा एका अर्थी पर्यावरणाची आहे. डोंबिवलीच्या पाठात ती दोन भावांची झाली होती. सत्तरीच्या हिंदी चित्रपटांचा तो ठसा असणार, हे सांगायला समीक्षकाची गरज नाही.

या दोन्हींपैकी खरा पाठ कोणता, असा प्रश्न आमचे विद्यार्थी विचारतात. महानुभाव वाङ्मय शिकवताना आम्ही सांगत असतो की म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, पुढे मूळ पोथी गमावल्यावर शिष्यांच्या आठवणींतून 'लीळाचरित्र' पुन्हा उभे केले गेले, आणि म्हणून त्याचे पाठ अनेक झाले. तुलना धाडसाची आहे, श्रद्धेच्या ग्रंथाशी रुपयाच्या खेळाची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. पण पद्धत तीच लागू पडते. ज्या समाजात संहितेपर्यंत पोहोचण्याची सोय थोड्यांनाच असते, तिथे बाकीच्यांपर्यंत पोहोचते ती संहितेची आठवण, आणि त्या आठवणीलाही इतिहास असतो.

आता घरातल्या खेळांकडे वळू. १९९१ नंतरच्या काही वर्षांत 'समुराई', 'मीडिया' अशा नावांचे डबे मध्यमवर्गीय घरांत दिसू लागले. मे महिन्याच्या सुट्टीत ते तासावर भाड्यानेही मिळत. आत जपानी यंत्राचीच रचना असे. तैवानमध्ये त्या यंत्राच्या चिपची नक्कल तयार होत होती, आणि तिच्यावर उभे राहिलेले डबे अर्ध्या जगात पोहोचले. रशियात १९९२ पासून 'डेंडी', पोलंडमध्ये 'पेगासस' या नावाने मुलांच्या एका पिढीने हेच यंत्र ओळखले. तिथल्या लोकांनी आपल्या डेंडीविषयी, पेगाससविषयी आपापल्या भाषेत पुष्कळ लिहून ठेवले आहे.

आम्ही खेळाच्या त्या चौकोनी वडीला 'कॅसेट' म्हणत असू आणि हातातल्या नियंत्रकाला 'रिमोट'. रिमोटला वायर होती ही विसंगती कुणालाच खटकली नाही. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची. फुंकरीने काही होत असेल तर उलट दमट हवेने धातूची टोके खराबच होतात असे जाणकार सांगतात. पण फुंकर मारून पुन्हा बसवली की ती चालायची, बहुधा पुन्हा बसवल्यामुळे. वडीलधाऱ्यांचा आक्षेप निराळा होता. खेळाने 'पिक्चर ट्यूब जाते' असे घरोघर मानले जाई. अभ्यास बुडतो हा आक्षेप त्या मानाने दुय्यम. टीव्हीची किंमत पाहता ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. इचलकरंजीच्या घरी टीव्ही कृष्णधवल होता. मारिओ लाल आणि त्याचा भाऊ लुईजी हिरवा हे आमच्यापैकी एकाला महाविद्यालयात गेल्यावर कळले. तोवर दोघेही राखाडीच होते.

कॅसेटवर '९९९९ इन १' असा आकडा छापलेला असे. आत खेळ असत पाच-पंचवीस. उरलेले आकडे म्हणजे तेच खेळ पुन्हा, निराळ्या पातळीपासून सुरू होणारे किंवा निराळ्या नावाचे. आज त्याला फसवणूक म्हणता येईल, तेव्हा ती आमची संपत्ती होती. दुपारभर यादी खाली-खाली सरकवत जायचे आणि एखादा नवा खेळ सापडतो का ते पाहायचे, हाही एक खेळच होता. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध प्रती पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. आमच्या कॅसेटला असा संपादक मिळाला नाही, आणि मिळाला असता तर आम्हाला आवडला असता की नाही याचीही शंका आहे.

या यादीतील 'आयलंडर' या खेळाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. टोपी घातलेला एक मनुष्य, कमरेला पाने, हातात दगडी कुऱ्हाड, वाटेत फळे, अंड्यातून निघणारी स्केटबोर्डाची फळी. फळे खाल्ली नाहीत तर शक्ती सरत जाऊन मृत्यू. १९८६ मध्ये जपानमधील एस्केप या छोट्या कंपनीने सेगासाठी 'वंडर बॉय' हा पार्लरमधला खेळ केला. हडसन सॉफ्ट या कंपनीला तो निन्टेन्डोच्या यंत्रावर आणायचा होता, पण नायकाचे हक्क सेगाकडे होते. तेव्हा हडसनने खेळ तसाच ठेवून नायक बदलला आणि त्याच्या जागी आपल्याच कंपनीतील ताकाहाशी या कर्मचाऱ्याला उभे केले. बटण सेकंदाला सोळा वेळा दाबणारा म्हणून तो जपानी मुलांत प्रसिद्ध होता. खेळाचे नाव झाले 'ॲडव्हेंचर आयलंड'. त्यानंतर कुठल्यातरी नकलाकाराने ते नाव पुसून 'आयलंडर' केले आणि तो आमच्या घरी आला. म्हणजे मूळ म्हणावे अशी प्रत शोधू गेलो तर तीही दुसऱ्याच खेळाचा पाठभेद निघते. आमच्यासाठी तो इचलकरंजीत 'कुऱ्हाडवाला' होता, डोंबिवलीत 'आयलँड'. 'बॅटल सिटी' (१९८५) या रणगाड्यांच्या खेळाला एकीकडे 'टँक' म्हणत, दुसरीकडे 'चिमणी वाचवायची गेम'. विटांच्या भिंतीआडचा तो पक्षी वास्तविक गरुड आहे, पण एवढ्याशा ठिपक्यांच्या गरुडाला चिमणीपेक्षा मोठे कोण मानणार?

'बॅटल सिटी'विषयी आम्हाला विशेष ममत्व आहे. त्यात दोघांना एकाच वेळी, एकाच बाजूने खेळता येई. आणि त्यात नकाशा स्वतः रचण्याची सोय होती: विटा, पोलाद, पाणी, झाडी हवी तिथे मांडायची आणि मग त्यातच लढायचे. आम्ही आयुष्यात प्रथम काही 'रचले' ते या पडद्यावर. यंत्र बंद केले की रचना पुसली जाई, म्हणून इचलकरंजीचा लेखक ती चौकटीच्या गणिताच्या वहीत उतरवून ठेवी. ती वही टिकली नाही.

नव्या खेळांना भाषा मात्र जुन्या खेळांनी पुरवली. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते, पण पडद्यासमोर जे बोलले जाई ते लगोरी-विटीदांडूचेच मराठी होते. जोडीदार तो 'भिडू'. हरल्यावर बटण चालत नव्हते म्हणणारा 'रडीचा डाव' खेळे. आपली पाळी संपली तरी रिमोट न सोडणाऱ्याला 'डाव संपला' असे बजावले जाई. आणि सर्वांत चपखल शब्द 'लिंबूटिंबू'. खेळात घेतलेला, पण ज्याच्या बाद होण्याला किंमत नाही असा लहान मुलगा. व्हिडिओ गेमच्या घरी त्याच्या हातात दुसरा रिमोट दिला जाई, फक्त त्याची वायर जोडलेली नसे. तो मन लावून बटणे दाबी आणि पडद्यावरचा मारिओ आपणच चालवतो आहोत अशा समजुतीत सुखी असे. विटीदांडूतील वकट, लेंड, मुंड हे मोजणीचे शब्द आज शब्दकोशांत सापडतात, कारण कुणाला तरी ते टिपावेसे वाटले. 'लाइफ जाणे', 'स्टेज पाडणे', 'बॉस लागणे' हे प्रयोग लाखो मराठी मुलांनी दहा-पंधरा वर्षे रोज केले, त्यांची नोंद कुठल्याही कोशात आम्हाला आढळलेली नाही.

मौखिक परंपरेचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणजे 'कॉन्ट्रा'चा मंत्र. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, मग बी, मग ए. इतके बिनचूक दाबले की तीनऐवजी तीस जीव मिळत. काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या प्रोग्रॅमरने १९८६ मध्ये 'ग्रेडियस' या खेळाची घरगुती आवृत्ती तपासताना, खेळ आपल्यालाच जमेना म्हणून ही क्लृप्ती आत घातली आणि ती तशीच राहून गेली. पुढे ती त्या कंपनीच्या अनेक खेळांत वापरली गेली. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारले. त्यांचे नाव तेव्हा आम्ही प्रथम वाचले, त्यांचा मंत्र मात्र तीस वर्षे पाठ होता. आमच्या कॅसेटवर तो कधी चाले, कधी चालत नसे. न चालल्यास दोष मंत्राचा नव्हे, उच्चाराचा, असे समजावणारे गुरुजन उपलब्ध असत.

शाळेतील संगणक कक्षाचा काळ त्या मानाने थोडक्यात सांगता येईल. चपला बाहेर, आत वातानुकूलन, एम. एस. डॉसच्या आज्ञा फळ्यावर, आणि शिक्षकांची पाठ वळली की फ्लॉपीवरचा 'डेव्ह' किंवा 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेक्नर याने आपल्या धाकट्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्या चौकटी गिरवून राजपुत्र घडवला (१९८९). म्हणूनच त्या राजपुत्राचे पडणे खरोखरचे वाटे. मुलींनी व्हिडिओ गेम प्रथम उघडपणे खेळला तो बहुधा याच कक्षात, हजेरी क्रमांकाप्रमाणे बसल्यामुळे. सायबर कॅफेच्या काळात 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'व्हाइस सिटी' आले आणि मुली पुन्हा पडद्याबाहेर गेल्या. 'व्हाइस सिटी'चे परवलीचे शब्द झेरॉक्स केलेल्या चिठ्ठ्यांवर मिळत. पाठांतराची परंपरा तिथे संपून लिखित परंपरा सुरू झाली असे गमतीने म्हणता येईल.

आम्ही एम. ए. करत असताना हा छंद लपवून ठेवला. मराठी विभागात क्रिकेटवर बोलणे चाले, नाटक-सिनेमावर तर ते प्रतिष्ठेचे होते. व्हिडिओ गेम मात्र बालिश, परके आणि बाजारू, असे तिहेरी अपराधी होते. ही समजूत आजही फार बदललेली नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी'वर बंदी आली तेव्हा मराठी वृत्तपत्रांत जे लेख आले ते जवळजवळ सगळे व्यसन आणि चीन या दोन विषयांवर होते. त्याच वर्षी पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान चमूचा 'राजी' हा खेळ प्रसिद्ध झाला. अपहृत भावाला शोधणारी मुलगी ही त्याची नायिका, कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. जगातील मोठ्या वार्षिक पुरस्कारांत पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याचे नामांकन झाले. मराठी साहित्यपत्रांत त्यावर एखादा परीक्षणलेख तरी आमच्या वाचनात आला नाही. भावासाठी लढणारी बहीण पाहून डोंबिवलीच्या लेखिकेला काय वाटले असेल, ते निराळे सांगायला नको.

आता उरतो दप्तराचा प्रश्न. अमेरिकेत २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीत, तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत असे आढळले. जिथे मूळ प्रकाशक, पावत्या, जाहिराती सगळे आहे तिथली ही गत. आमच्या नकलांना प्रकाशकच नव्हता. खेळाची संहिता अनुकारकांनी, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पुष्कळदा चोरट्या वाटेने, वाचवली आहे. प्रयोग वाचलेला नाही. 'डक हंट'ची बंदूक हे त्याचे साधे उदाहरण. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नळीतील प्रकाशसंवेदकाला तो चौकोन दिसला की नेम लागला. हे जमते ते फक्त जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर. आजच्या सपाट पडद्याचा उजेड त्या क्षणाच्या हिशेबात बसत नाही, म्हणून बंदूक चालत नाही आणि कुत्रा हसतच राहतो.

हल्ली आम्ही जुन्या भिडूंना विचारून नावे, मंत्र आणि कथा लिहून घेत आहोत. मुस्तफाच्या भावाची कथा कुठून आली, हे डोंबिवलीच्या त्या धाकट्या भावाला आम्ही गेल्या वर्षी विचारले. आपण ती रचली नाही, असे तो ठामपणे म्हणतो. पार्लरमध्ये नाणी सुटी करून देणारा एक मोठा मुलगा ती सांगत असे, आणि त्याला ती भिवंडीच्या कुणाकडून कळली होती. त्या मुलाचे नाव त्याला आठवत नाही. पार्लरच्या जागी आता औषधांचे दुकान आहे. भिवंडीत कुणी ही कथा ऐकली होती का, हे आम्ही विचारतो आहोत.